रजेवरच्या बाईंचा वर्ग

प्रति,
मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,

शिक्षकभरतीची पत्रे आपल्याकडे ढिगाने येत असतील. त्यांतल्या मागण्या बव्हंशी रास्तच आहेत, पण हे पत्र रिक्त पदांविषयी नाही. पद मंजूर आहे, त्यावर माणूस आहे, 'शालार्थ' या वेतनप्रणालीत त्याचे नाव आहे, महिन्याचा पगारही निघतो आहे, आणि तरी आज तो वर्गात नाही, उद्या नसेल, कदाचित दिवाळीपर्यंत नसेल, अशा दिवसांविषयी हे पत्र आहे. आणि त्या दिवसांत खडू हातात घेऊन फळ्यासमोर जो उभा राहतो, त्या तरुण माणसाविषयी आहे. तो बहुधा अजून पुरता शिक्षक झालेला नसतो. डी.एल.एड. किंवा बी.एड. चालू असते, किंवा ते होऊन शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजे टीईटी, राहिलेली असते, किंवा टीईटी होऊन भरतीसाठीच्या 'टेट' चाचणीची वाट पाहणे चाललेले असते. शिक्षक होण्याच्या या वाटेवर वर्गात घालवलेला त्याचा एकही दिवस आपल्या खात्यात कुठेच मोजला जात नाही. तो मोजला जावा, एवढीच मागणी आहे.

आधी हिशेब पाहू. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टानुसार पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० पटापर्यंत दोन शिक्षक, आणि वर्षाचे किमान २०० दिवस काम. आमच्या सोलापूर जिल्ह्यात गावठाणापासून लांब पांगलेल्या वस्त्या सांगोला, मंगळवेढा, करमाळा, माळशिरस अशा सगळ्याच भागांत आहेत, आणि तिथल्या जिल्हा परिषद शाळा म्हटल्या की बहुतेक वेळा दोन खोल्या, दोन शिक्षक आणि चार-पाच इयत्ता. अशा शाळेतल्या बाई प्रसूती रजेवर गेल्या की ती रजा १८० दिवसांची असते. सुट्ट्या वगळल्या तरी शाळेच्या वर्षाचा अर्ध्याच्या आसपास भाग त्यात जातो. तेवढा काळ ती शाळा एकशिक्षकी होते. राहिलेल्या गुरुजींना केंद्राची बैठक, प्रशिक्षण, निवडणुकीचे काम, मतदारयादीचे काम लागले की त्या दिवशी ती शून्यशिक्षकी होते. कायद्याचे कलम २६ सांगते की मंजूर पदांच्या १० टक्क्यांहून जास्त पदे रिक्त राहता कामा नयेत. पण रजेवरच्या बाईंचे पद रिक्त नसतेच. कलम २७ निवडणूक, जनगणना आणि आपत्तिनिवारणाची कामे शिक्षकांना देण्याची मुभा ठेवते, मात्र त्या दिवशी वर्ग कोणी घ्यायचा हे सांगत नाही. शाळेची पदे ठरवणारी संच मान्यता पट पाहते, पद पाहते. रजा पाहत नाही. कागदावर काहीच बिघडलेले नसते, म्हणून कोणालाच दुरुस्त करावे लागत नाही.

यावर खात्याचा जुना उपाय म्हणजे 'कामगिरी'. शेजारच्या शाळेतला एक शिक्षक उचलायचा आणि इथे पाठवायचा. म्हणजे एका शाळेचे भोक बुजवायला दुसरीला पाडायचे. सोलापुरात तर हा उपाय भाषेशीही अडखळतो. अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूर तालुक्यांत कन्नड माध्यमाच्या शाळा आहेत, शहरात उर्दू आणि तेलुगू माध्यमाच्या. कन्नड शाळेतल्या बाई रजेवर गेल्या तर दोन किलोमीटरवरच्या मराठी शाळेतले गुरुजी येऊन मुलांना काय वाचून दाखवणार? हजेरी घेतील, खिचडी वाटून देतील, मुले सांभाळतील. परितेवाडीच्या शाळेतून २०२० साली जागतिक शिक्षक पुरस्कार जिल्ह्यात आला तेव्हा आपण सगळ्यांनी अभिमानाने सांगितले की एक शिक्षक शाळा बदलू शकतो. तेच खरे असेल, तर एका शिक्षकाच्या नसण्यानेही शाळा बदलते, हे मान्य करायला हरकत नसावी.

बदली माणूस न देण्याचा आणखी एक परिणाम होतो, त्याची चर्चा फार दबक्या आवाजात होते. रजा हा हक्क आहे. प्रसूती रजा आहेच. महिला कर्मचाऱ्यांना सेवाकाळात १८० दिवसांची बालसंगोपन रजाही राज्याने दिली आहे, आणि ती देणे योग्यच होते. पण हक्क शासनाने द्यायचा आणि त्याचा भार शेजारच्या वर्गातल्या सहकाऱ्यावर टाकायचा, अशी व्यवस्था असली की हक्क वापरणाऱ्या बाईच गावाच्या आणि सहकाऱ्यांच्या नजरेत दोषी ठरतात. 'आमच्या शाळेवर बाई नकोत' हे वाक्य ज्या गावात ऐकू येते, तिथे राग बाईंवर निघतो. बदली शिक्षक न देणाऱ्या यंत्रणेपर्यंत तो पोहोचत नाही.

प्रत्यक्षात वर्ग अगदीच मोकळा राहतो असेही नाही. गावातला डी.एड. झालेला मुलगा येऊन बसतो, शाळा व्यवस्थापन समिती लोकवर्गणीतून त्याला काही देते. माध्यमिक शाळांत तासिका तत्त्वावरचे शिक्षक असतात. आंतरवासितेला आलेल्या छात्राध्यापकांच्या गळ्यात ऑफ तास पडतात, हे तर प्रत्येक अध्यापक महाविद्यालयाला ठाऊक आहे. शासनानेही वेळोवेळी तात्पुरती माणसे दिली: २०२३ च्या जुलैत निवृत्त शिक्षकांना २०,००० रुपयांवर परत बोलावण्याचा निर्णय झाला, २०२४ च्या सप्टेंबरात कमी पटाच्या शाळांसाठी १५,००० रुपयांच्या कंत्राटी शिक्षकाचा निर्णय आला आणि काही महिन्यांत मागेही घेतला गेला, त्याच वर्षी मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतून बारावी झालेल्यांना ६,०००, पदविकाधारकांना ८,००० आणि पदवीधरांना १०,००० रुपये विद्यावेतनावर जी मुले वेगवेगळ्या कार्यालयांत गेली, त्यांतली पुष्कळ जिल्हा परिषदांच्या शाळांत फळ्यासमोर उभी राहिली. मुदत सहा महिने, नंतर वाढवून अकरा. योजनेच्या नावात 'प्रशिक्षण' आहे. शाळेत मात्र त्यांना शिकवायला कसे शिकायचे हे दाखवणारा माणूस नेमलेला नव्हता, आणि मुदत संपल्यावर हाती आलेल्या प्रमाणपत्राला शिक्षकभरतीत किंमत नव्हती.

या सगळ्या तात्पुरत्या माणसांना एक गोष्ट जोडते. ती वाटेवर आहेत, आणि महाराष्ट्रात ही वाट फार लांब आहे. डी.एल.एड. दोन वर्षे, बी.एड. २०१५ पासून दोन वर्षे. मग टीईटी. मग शिक्षक अभियोग्यता आणि बुद्धिमत्ता चाचणी, म्हणजे 'टेट', जी २०१७ साली झाली, त्यानंतर थेट २०२३ मध्ये, आणि मग २०२५ मध्ये. म्हणजे पहिल्या आणि दुसऱ्या परीक्षेच्या मध्ये पहिलीत बसलेले मूल प्राथमिक शाळा ओलांडून गेले. मग भरतीचे पवित्र पोर्टल, मग पसंतीक्रम, मग याद्या, मग न्यायालय. त्यातून निभावून नियुक्ती मिळाली की तीन वर्षे शिक्षणसेवक. त्या शिक्षणसेवकाचे मानधनही प्राथमिकला ६,०००, माध्यमिकला ८,००० आणि उच्च माध्यमिकला ९,००० असे वर्षानुवर्षे गोठलेले होते. उच्च न्यायालयाने कान टोचल्यावर २०२३ मध्ये ते १६, १८ आणि २० हजार झाले. या लांब वाटेवर माणूस पोटासाठी कुठे ना कुठे शिकवतोच. बावीस ते बत्तीस हे वय शिकवण्याची कला हातात बसण्याचे. ते सगळे अशा वर्गांत जाते ज्यांची नोंद नाही, आणि तो अखेर सेवेत रुजू होतो तेव्हा त्याला कोरा समजून पहिल्या दिवसापासून सुरुवात करायला लावतात.

याच राज्यात याआधी एकदा वेगळे झाले आहे. २००० सालानंतर जिथे जवळ शाळा नाही अशा वाड्यावस्त्यांवर वस्तीशाळा निघाल्या. तिथे त्याच परिसरातली, बहुधा डी.एड. नसलेली मुले-मुली अत्यल्प मानधनावर शिकवू लागली. त्यांना आधी स्वयंसेवक म्हणत, पुढे निमशिक्षक. शिक्षण हक्क कायदा आल्यावर त्या शाळांना नियमित प्राथमिक शाळांचे रूप देणे भाग पडले, तसा प्रश्न उभा राहिला की या माणसांचे काय. तेव्हा त्यांना काम करता करता पदविका करू देण्यात आली आणि २०१४ मध्ये त्यांना सेवेत कायम केले गेले. हे सगळे फार उशिरा झाले. मधली वर्षे सेवेत धरण्याचा वाद अजून त्यांच्या पाठीशी आहे. पण काम करता करता अर्हता मिळवणे शक्य आहे, हे महाराष्ट्राने स्वतःच सिद्ध केले. देशपातळीवर २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून अप्रशिक्षित शिक्षकांना ३१ मार्च २०१९ पर्यंत मुदत दिली गेली आणि राष्ट्रीय मुक्त विद्यालयी संस्थेच्या डी.एल.एड.ला लाखो शिक्षक बसले. मात्र दोन्ही वेळा अर्हता ही आधी केलेल्या चुकीवर नंतर लावलेली मलमपट्टी होती. आधी वर्षानुवर्षे वर्गात उभे करायचे, मग कायद्याने पकडले की घाईने प्रमाणपत्र द्यायचे.

राजस्थानने १९८७ मध्ये सुरू केलेला 'शिक्षाकर्मी' प्रकल्प मला यापेक्षा प्रामाणिक वाटतो. दुर्गम गावातल्या एकशिक्षकी शाळेत शिक्षक येतच नाही, हे त्यांनी आधी मान्य केले. मग गावातलीच दोन माणसे निवडली, त्यांचे शिक्षण कमी आहे हेही मान्य केले, आणि म्हणूनच प्रशिक्षणावर भर दिला: सुरुवातीला सलग, नंतर पुन्हा पुन्हा, सतत. बदली माणूस नेमायचा आणि त्याला शिकवायचे, या दोन गोष्टी तिथे एकच होत्या.

आता आमच्याच जिल्ह्यातले दुसरे उदाहरण घ्या. सोलापूरच्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये वैशंपायन वैद्यकीय महाविद्यालयाचे इंटर्न रात्री-अपरात्री वॉर्डात असतात. ते अजून पूर्ण डॉक्टर नसतात, पण त्यांच्या मागे वरिष्ठ असतो, त्यांना विद्यावेतन मिळते, आणि तो काळ त्यांच्या अर्हतेचाच भाग असतो. अर्धवट शिकलेला माणूस रुग्णाला हात लावतो म्हणून कोणी आरडाओरडा करत नाही, कारण त्याच्या पाठीशी कोण आहे हे ठरलेले आहे. यंत्रमागाच्या शेडमध्येही नवा माणूस आधी कांड्या भरतो, जुन्याशेजारी उभा राहतो, मग त्याच्याकडे माग येतो. डी.एल.एड. आणि बी.एड. या दोन्ही अभ्यासक्रमांत २०१४ च्या नियमांनी २० आठवड्यांची आंतरवासिता घातलेली आहे, त्यातले १६ आठवडे दुसऱ्या वर्षी. शिक्षक-प्रशिक्षणाविषयीचा न्यायमूर्ती वर्मा आयोग नेमला गेला तोच महाराष्ट्रातल्या २९१ डी.एड. संस्थांच्या मान्यतेच्या वादातून, आणि त्यानंतरच शाळेतल्या प्रत्यक्ष अनुभवाला एवढे वजन आले. पण त्या २० आठवड्यांत छात्राध्यापकाला दमडी मिळत नाही, उलट महाविद्यालयाची फी तो भरतच असतो, आणि शहराजवळच्या सोयीच्या शाळेत पाच-पंचवीस जणांच्या जथ्यात सराव पाठांचा रतीब घालून पाठांच्या वह्या भरल्या जातात. जिथे माणूस हवा आहे तिथे तो पोहोचत नाही.

म्हणून सुचवतो ते असे. शाळांच्या प्रत्येक केंद्रात एक नियमित, पूर्ण अर्हताधारक रजा-राखीव शिक्षक असावा. कुठलाही वर्ग त्याचा स्वतःचा नसेल, केंद्रातला रजेवरचा प्रत्येक वर्ग त्याचा असेल. महिन्याहून लांब रजेसाठी तालुक्याची एक यादी असावी, टीईटी उत्तीर्ण उमेदवारांची, माध्यमनिहाय. कन्नडची वेगळी, उर्दूची वेगळी. रजा मंजूर होताच गटशिक्षणाधिकाऱ्यांनी त्याच आदेशात बदली शिक्षकाचे नाव द्यावे, कारण रजेचा अर्ज आणि बदलीचा आदेश हे दोन वेगळे कागद राहिले की दुसरा कागद येतच नाही. दुसऱ्या वर्षाच्या छात्राध्यापकांना अशाच शाळांत, त्या बदली शिक्षकाच्या किंवा मागे राहिलेल्या गुरुजींच्या हाताखाली आंतरवासितेला पाठवावे, विद्यावेतन देऊन. आणि यातला खरा मुद्दा: यादीतल्या उमेदवाराने केलेले बदलीचे दिवस सेवा-नोंदीसारखे नोंदवले जावेत, आणि पुढे तो 'टेट'च्या गुणवत्तेवर, सगळ्यांसारख्याच रांगेतून निवडला गेला, तर शिक्षणसेवकाच्या तीन वर्षांतून तेवढे दिवस वजा व्हावेत. निवड होण्यात त्याला काडीचाही फायदा नको. निवडीनंतरच्या उमेदवारीत मात्र तो कोरा धरला जाऊ नये.

यावर पहिला आक्षेप शिक्षक संघटनांचा असेल, आणि तो सर्वांत वजनदार आहे: ही स्वस्त मजुरीची नवी वाट होईल, मंजूर पदे भरायची टाळून बदलीवाल्यांवर शाळा चालवल्या जातील. २ मे २०१२ नंतर राज्यात शिक्षकभरती कशी थांबली हे ज्यांनी पाहिले, त्यांना ही भीती वाटणे साहजिक आहे. भरीला अर्थशास्त्रज्ञांचे दाखलेही आहेत. कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन यांनी आंध्र प्रदेशातल्या १०० सरकारी शाळांना एकेक जादा कंत्राटी शिक्षक देऊन पाहिला, आणि दोन वर्षांत तिथली मुले पुढे गेली; कमी पगाराचे हे शिक्षक नियमितांपेक्षा कमी गैरहजर होते. याचा अर्थ कोणी 'मग कायम शिक्षक हवेत कशाला' असा लावला, तर मूळ गोष्टच सुटते. तिथे तो शिक्षक जादा होता. कोणाच्या जागी आला नव्हता. केनियात तर कंत्राटी शिक्षकांची एकच योजना स्वयंसेवी संस्थेने राबवली तिथे मुलांची प्रगती झाली, आणि सरकारी यंत्रणेने राबवली तिथे काहीच फरक पडला नाही. माणूस तात्पुरता आहे की कायम, यापेक्षा त्याच्याकडे लक्ष देणारे कोणी आहे का, यावर जास्त अवलंबून असते. तेव्हा कुंपण नियमातच हवे: बदली शिक्षक फक्त रजेच्या जागी, रिक्त पदावर कधीही नाही, मूळ शिक्षक रुजू झाला की आदेश आपोआप संपला, आणि दर महिन्याला तालुकानिहाय किती दिवस बदली दिली गेली याची यादी पंचायत समितीच्या फलकावर. संघटनांनी ही यादी वाचावी. रिक्त पद बदलीने झाकले जात असेल तर ते त्यांच्याच नजरेला आधी पडेल.

दुसरा आक्षेप मुलांच्या बाजूने आहे. अर्हता नसलेल्याच्या हाती वर्ग का द्यायचा? सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी, महाराष्ट्रातूनही गेलेल्या प्रकरणात, सेवेतल्या शिक्षकांनाही टीईटी बंधनकारक ठरवली. अशा काळात छात्राध्यापकाला पुढे करणे उलट्या दिशेने जाणे नाही का? नाही, कारण छात्राध्यापकाच्या नावे वर्ग द्यावा असे मी म्हणतच नाही. वर्ग टीईटी झालेल्याच्या नावे, छात्राध्यापक त्याच्या सोबत. पहिली-दुसरी तर छात्राध्यापकाकडे एकट्याने कधीच नको. अक्षरओळख हे शाळेतले सर्वांत अवघड काम आहे आणि सर्वांत नवख्याला ते देण्याची आपली पद्धत मुळातच चुकीची आहे. शिवाय तुलना आदर्श शिक्षकाशी करून चालणार नाही. आज त्या वर्गात एक तर कोणीच नसते, किंवा ज्याच्या पाठीशी कोणी नाही असा माणूस असतो.

तिसरा आक्षेप मंत्रालयातला: उद्या हे लोक कायम करा म्हणून आझाद मैदानात बसतील. बसतीलही. वस्तीशाळेचे बसले, युवा प्रशिक्षणार्थी बसले. पण ते का बसतात याचा विचार केला पाहिजे. मुदत संपल्यावर ज्याच्या हाती काहीच उरत नाही, त्याला कायम होणे एवढी एकच गोष्ट मागता येते. केलेल्या दिवसांची नोंद पुढे उपयोगी पडणार असेल, तर प्रत्येक मुदतीचा शेवट आंदोलनाने होण्याचे कारण तरी कमी होईल. आणि मागणी झालीच, तर ती ऐकण्याने सरकार पडत नाही.

पैशाचा आक्षेप त्या मानाने लहान आहे. शिक्षणसेवकाचेच मानधन धरले, महिना १६,००० रुपये, तर सहा महिन्यांची बदली ९६,००० रुपयांना पडते. चाळीस मुलांच्या शाळेत हा खर्च एका मुलामागे महिन्याला ४०० रुपये होतो. रजेवरच्या शिक्षिकेला पगार आणि बदलीला मानधन, असा दुहेरी खर्च का, असे वित्त विभाग विचारेल. सिव्हिलमधली परिचारिका रजेवर गेली तर वॉर्डाला कुलूप लावायचे का, असे त्यांना विचारावे.

हे राज्यभर एकदम करण्याची गरज नाही. अक्कलकोट आणि सांगोला हे दोन तालुके घ्या: एकात भाषेची अडचण, दुसऱ्यात पांगलेल्या वस्त्यांची. वेळापूरची जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था छात्राध्यापकांकडे पाहील, सोलापूर विद्यापीठ बी.एड.च्या आंतरवासितेचे नियम त्याला जुळवून देईल, जिल्हा परिषद याद्या करेल. शासन निर्णय मात्र उन्हाळ्याच्या सुट्टीतच निघायला हवा. शाळा १५ जूनच्या सुमारास उघडतात, आणि जुलैत रजेवर जाणाऱ्या बाईंचा अर्ज तोपर्यंत गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या टेबलावर आलेला असतो.

आपला,
सोलापुरातील एक नागरिक